वर्दी उतरल्यानंतरची नोकरी

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबई बंदरातून मेसोपोटेमियाकडे पलटणी रवाना होत आणि त्याच वाटेनं जखमी परत येत. बांधून झालेल्या पण अजून संग्रहालय म्हणून न उघडलेल्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या वास्तूतही त्या वर्षांत लष्करी रुग्णालय चालत होतं. साताऱ्याचा, रत्नागिरीचा, पंजाबचा, गढवालचा शिपाई तिथं एकाच छताखाली पडलेला असे. जखम भरली की प्रश्न सुटत नसे, खरा प्रश्न तिथून पुढे उभा राहत असे. पाय गेलेला माणूस औत कसं धरणार? एका हातानं मोट कशी हाकणार? सरकार त्याला पेन्शन देत होतं आणि गावापर्यंतचं तिकीट देत होतं. गावी जाऊन त्यानं करायचं काय, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

ते उत्तर शोधण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न मुंबईतच झाला. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पत्नी लेडी मेरी विलिंग्डन यांच्या पुढाकारानं १९१७ मध्ये अपंग भारतीय सैनिकांसाठी एक शाळा सुरू झाली आणि तिला राणी मेरीचं नाव देण्यात आलं. पुढे ही शाळा पुण्याजवळच्या खडकीत हलली आणि ‘क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट’ या नावानं आजही तिथं चालू आहे. शंभरी ओलांडलेली ही संस्था पुण्यातल्या अनेकांनी बाहेरून पाहिलेली असते. आत काय चालतं आणि ते का सुरू झालं, हे ठाऊक असणारे मात्र थोडे.

तिथं सुतारकाम, शिवणकाम, इंजिनं आणि मोटारींचं काम आणि यंत्रावरचं विणकाम असे धंदे शिकवले जात. त्यातलं मोजे विणायचं यंत्र जरा जवळून बघण्यासारखं आहे. टेबलाच्या कडेला पकडीनं बसवता येईल एवढंच ते असतं. मधोमध एक पोकळ नळकांडं, त्याच्या भोवती उभ्या सुयांची रांग आणि बाजूला हातानं फिरवायचा दांडा. दांडा फिरला की सुया ओळीनं वर-खाली होतात, सुताचे फास एकात एक गुंतत जातात आणि खालून विणलेली नळी उतरू लागते. नळी कुणालाही विणता येते. कसब लागतं ते टाचेपाशी. तिथं अर्ध्या सुया बाजूला ठेवून दांडा मागे-पुढे फिरवावा लागतो, नाहीतर मोजा पायात नीट बसत नाही. हे सगळं काम बसून करता येतं. त्याला पाय लागत नाहीत, वीज लागत नाही आणि यंत्र गावी नेता येतं. अपंग शिपायाच्या परिस्थितीला इतका नेमका बसणारा धंदा निवडण्यामागे कुणीतरी बारकाईनं विचार केला होता. शिपायाला काय देता येईल, एवढ्यावर न थांबता त्याला काय करता येईल, असा तो विचार होता.

त्याआधीच्या शंभर वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. कारण सरकारच्या लेखी मराठी शिपाई हा मुळात शेतकरी होता. काही वर्षं पलटणीत काढून तो पुन्हा शेतात जाईल, असं गृहीत धरलेलं असे. प्रत्यक्षात अनेकांकडे जमीन नव्हती, असली तरी पोटापुरती नव्हती. कोकणातल्या महार शिपायांची स्थिती तर आणखी अवघड होती. गावानं त्यांच्यासाठी ठरवून ठेवलेलं काम एकच होतं आणि ते टाळण्यासाठीच तर अनेक जण फौजेत गेले होते.

म्हणूनच निवृत्त शिपायांनी आपल्या वस्त्या स्वतः शोधल्या. रत्नागिरी जिल्ह्यातलं दापोली हे त्यातलं ठळक गाव. कंपनी सरकारच्या काळात तिथं लष्करी छावणी होती, पुढे काही काळ जुन्या सैनिकांची पलटणही होती. छावणी उठली, तरी ‘कॅम्प दापोली’ हे नाव टिकलं आणि पेन्शनर तिथं येऊन राहत गेले. या वस्तीनं महाराष्ट्राला दिलेली माणसं मोठी आहेत. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतून निवृत्त होऊन दापोलीत स्थायिक झाले. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली, वर्तमानपत्रांत लेख लिहिले आणि पुढे महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. फौजेनं त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं होतं. त्या शिक्षणाचं सार्वजनिक काम मात्र त्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभं केलं.

याच दापोलीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ आपलं कुटुंब घेऊन राहायला आले. फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिकवण्याची व्यवस्था होती. रामजींनी पुण्यात शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलं होतं आणि लष्करी शाळेत चौदा वर्षं मुख्याध्यापकाचं काम केलं होतं. सुभेदार या हुद्द्यापर्यंत पोचलेला, मराठी आणि इंग्रजी जाणणारा, अनुभवी शिक्षक वर्दी उतरवून बाहेर आला, तेव्हा मुलकी जगात त्याच्यासाठी एकाही शाळेचं दार उघडलं नाही. साताऱ्यात सार्वजनिक बांधकाम खात्यात भांडारपालाची जागा त्यांना मिळाली. पुढे खटाव तालुक्यात दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी तलावाचं बांधकाम सुरू झालं, तिथं ते रोखपाल होते. बापाला भेटायला निघालेल्या मुलांना मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच गाडीवान मिळेना, हा १९०१ सालचा प्रसंग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्या प्रसंगाची एक बाजू सहसा नजरेआड राहते. ती मुलं ज्या कामाच्या ठिकाणी निघाली होती, तिथं चौदा वर्षं शाळा चालवलेला माणूस मजुरीच्या पैशांचा हिशेब ठेवत होता. फौजेनं दिलेलं कौशल्य वाया जातं म्हणजे काय होतं, याचं याहून ठसठशीत उदाहरण शोधायला नको.

१८९० च्या दशकात महारांची फौजेतली भरतीच बंद झाली. ‘लढाऊ जमाती’ ठरवण्याच्या ब्रिटिश धोरणाचा तो परिणाम होता. वलंगकरांनी याविरुद्ध अर्जाचा मसुदा केला. पुढे पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी सासवडला सभा भरवून आणि १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे निवेदन पाठवून फौज आणि पोलिसांतल्या नोकऱ्या पुन्हा खुल्या करण्याची मागणी लावून धरली. माणसांची गरज पडली तेव्हा, १९१७ मध्ये, १११वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. जखमी शिपायांसाठी शाळा निघाली आणि ही पलटण उभी राहिली, ते वर्ष एकच. धडधाकट परतणाऱ्या शिपायाला शिकवण्यासारखं किंवा मिळवून देण्यासारखं काही असतं, ही जाणीव यायला अजून अवकाश होता.

सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले. तिथं तशी कोनशिला आहे. पंजाबात सरकारनं कालव्यांच्या नव्या वसाहतींत निवृत्त सैनिकांना बागायती जमिनी दिल्या. देशावरच्या आणि कोकणातल्या शिपायाच्या वाट्याला असे कालवे नव्हते. तो परत आला तो बहुधा कोरडवाहू तुकड्यावर नाहीतर मुंबईच्या गिरणीच्या फाटकावर. १९१७ मध्ये नेमलेल्या मध्यवर्ती भरती मंडळाचंच १९१९ मध्ये ‘इंडियन सोल्जर्स बोर्ड’ झालं. आजच्या केंद्रीय सैनिक बोर्डाचा आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या सैनिक कल्याण कार्यालयांचा तो उगम. युद्धासाठी माणसं गोळा करणारं मंडळ युद्धानंतर माणसांची काळजी घेऊ लागलं, हे बरंच झालं. पण ती काळजी मुख्यतः पेन्शनचे अडलेले कागद, जमिनीचे तंटे आणि मुलांचं शिक्षण एवढ्यापुरती होती. नोकरी हा विषय कडेलाच राहिला.

दुसऱ्या महायुद्धानं हे चित्र पालटलं. युद्ध संपताना हिंदी फौजेत जवळपास २५ लाख माणसं होती आणि त्यांतल्या बहुतेकांना घरी पाठवायचं होतं. एवढा मोठा लोंढा ‘शेतात जाईल’ म्हणून सोडून देणं कुणालाच परवडणारं नव्हतं. शिवाय या फौजेतले हजारो तरुण ट्रक चालवायला, बिनतारी संदेश पाठवायला, विमानांची इंजिनं उघडायला शिकले होते. १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. युद्धात दृष्टी गेलेल्यांसाठी डेहराडूनला प्रशिक्षणाचं वसतिगृह निघालं. जुलै १९४५ मध्ये हिंदुस्थान सरकारनं पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय स्थापन केलं. फौजेतून सुटणारे सैनिक आणि युद्धकामावरून मोकळे होणारे कामगार यांना काम मिळवून देण्यासाठी या खात्यानं देशभर एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज उघडली, धंदेशिक्षणाचे वर्ग सुरू केले.

महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी या एक्स्चेंजच्या खिडकीसमोर रांगा लावल्या आहेत. मॅट्रिक झालं की नाव नोंदवायचं, कार्ड जपून ठेवायचं, ठरावीक मुदतीनं त्याचं नूतनीकरण करायचं आणि कॉलची वाट बघायची, हा मध्यमवर्गीय घरातला नित्यक्रम होता. ते कार्यालय मुळात फौजेतून परतणाऱ्या शिपायासाठी उघडलं होतं, हे मात्र विस्मरणात गेलं आहे. फाळणीनंतर निर्वासितांना या व्यवस्थेत सामावून घेण्यात आलं, १९४८ मध्ये ती सर्व बेरोजगारांना खुली झाली आणि १९५६ मध्ये तिचा कारभार राज्यांकडे आला. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्राचंही तसंच झालं. सैनिकांसाठी सुरू झालेल्या या केंद्रात अपघातात पाय गमावलेले नागरिकही जयपूर फूटच्या आधीपासून येत राहिले. शिपायासाठी केलेली सोय सगळ्या समाजाच्या उपयोगी पडते, हे या दोन उदाहरणांतून दिसतं आणि त्यासाठी केलेल्या खर्चाकडे उपकार म्हणून बघणाऱ्यांनी ते लक्षात घ्यायला हवं.

एक्स्चेंज उघडली, तरी अस्वस्थता शमली नव्हती. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातल्या खलाशांनी संप पुकारला. बघता बघता तो जहाजांवर आणि इतर बंदरांत पसरला. या उठावाची आठवण निघते ती तिरंग्यामुळे, आझाद हिंद सेनेच्या कैद्यांच्या सुटकेच्या मागणीमुळे आणि मुंबईच्या कामगारांनी रस्त्यावर उतरून दिलेल्या पाठिंब्यामुळे. खलाशांच्या मागण्यांच्या यादीत आणखी एक कलम होतं. नौदलातून लवकर मोकळं करा आणि शांततेच्या काळात आम्हाला काम द्या. बिनतारी यंत्रणा हाताळणारी ही शिकलेली पोरं होती. आपल्याला येणाऱ्या कामाला बाहेर मोल आहे की नाही, ही त्यांची चिंता रास्त होती. उठाव मोडल्यावर शेकडो खलाशांना बडतर्फ करून घरी पाठवण्यात आलं. स्वतंत्र भारताच्या नौदलातही त्यांना परत घेतलं गेलं नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जाऊ लागला आणि सैनिक कल्याणासाठी निधी गोळा होऊ लागला. पण धोरणाला वेग आला तो पुन्हा युद्धांनीच. १९६५ च्या युद्धात सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरजवळच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर सियालकोट आघाडीवर गोळ्या लागून जायबंदी झाले. ते ‘ईएमई’ या यांत्रिकी दलातले जवान आणि फौजेतले मुष्टियोद्धे होते. कमरेखालचं शरीर निकामी झाल्यावर मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयात उपचाराचा भाग म्हणून ते पोहायला लागले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यतीत विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकून आले. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२४ मध्ये त्यांच्यावर हिंदी चित्रपट निघाला.

पदकाच्या गोष्टीत एक तपशील मागे पडतो. पेटकरांना पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी मिळाली होती. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस रोज कारखान्यात जाऊन पगार घेऊन घरी येतो, संसार चालवतो, हे त्या काळात पदकाइतकंच दुर्मीळ होतं. त्यांच्या परदेश दौऱ्यांमागे क्रिकेटपटू आणि गिरणीमालक विजय मर्चंट यांच्या संस्थेचा हातभार होता. अपंगांना काम मिळवून देण्यासाठी मर्चंट यांनी आयुष्यभर खटपट केली. पेटकर उभे राहिले ते जिद्दीमुळे हे खरंच, पण त्या जिद्दीला एक रुग्णालय, एक संस्था आणि एक कारखाना वेळेवर भेटला. १९७१ च्या युद्धानंतर मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी खडकीत स्वतंत्र पुनर्वसन केंद्र उभं राहिलं. तिथं राहणाऱ्या काहींनी दातांत कुंचला धरून चित्रं काढायला शिकून घेतलं आणि त्यावर कमाईही केली.

धडधाकट माजी सैनिकांसाठी १९७९ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांतल्या पुनर्नियुक्तीचे नियम आले. क गटात १० टक्के आणि ड गटात २० टक्के जागा राखीव झाल्या. महाराष्ट्रानं आपल्या सेवेत १५ टक्के समांतर आरक्षण ठेवलं. मॅट्रिक झालेल्या जवानाची १५ वर्षं सेवा झाली असेल, तर क गटातल्या पदवी लागणाऱ्या ठरावीक पदांसाठी त्याला पात्र धरावं, अशीही सवलत मिळाली. कागदावर हे सगळं भक्कम दिसतं. तरी राखीव जागांतला मोठा वाटा भरलाच जात नाही, ही तक्रार संसदीय समितीच्या अहवालांत वारंवार आली आहे.

कारण शोधायचं तर जवानाच्या डिस्चार्ज बुकात शोधावं. सैन्यातून सुटताना मिळणारं हे छोटं पुस्तक माजी सैनिक ट्रंकेत तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवतो. त्यात नंबर, रँक, पलटण, भरतीची आणि सेवामुक्तीची तारीख, मिळालेली पदकं, वैद्यकीय श्रेणी आणि वर्तणुकीचा शेरा असतो. त्याचा ट्रेडही असतो. पण ऑपरेटर, फिटर, आर्मरर, क्लार्क हे शब्द सैन्याच्या भाषेतले. कारखान्याच्या भरती अधिकाऱ्याला आयटीआयचं प्रमाणपत्र समजतं, लष्करी ट्रेड समजत नाही. पंधरा-सतरा वर्षं रडार किंवा रणगाड्याची इंजिनं सांभाळलेला माणूस अठ्ठेचाळीसाव्या नव्हे, अडतिसाव्या वर्षी बाहेर येतो. मुलं शाळेत असतात, घराचं कर्ज नुकतंच काढलेलं असतं आणि हातात असतं हे पुस्तक. मग सहज मिळणारं काम एकच, सुरक्षारक्षकाचं. पुनर्वसन महासंचालनालयाच्या यादीतल्या सुरक्षा एजन्सी असोत किंवा महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ म्हणजे मेस्को असो, त्यांनी हजारो घरांत नियमित पगार पोचवला आहे आणि त्याचं मोल कमी नाही. तरीही देशानं लाखो रुपये खर्चून शिकवलेलं तंत्रज्ञान बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहतं, तेव्हा रामजी सकपाळांच्या काळापासूनची चूक पुढे चालू राहते. सेवामुक्तीआधीचे २४ आठवड्यांपर्यंतचे अभ्यासक्रम आणि मुक्त विद्यापीठांनी लष्करी प्रशिक्षणाला पदवीच्या दिशेनं दिलेली मान्यता, हे त्यावरचे योग्य उपाय. ते फार उशिरा आले.

त्याहून उशीर झाला तो सैनिकाच्या पत्नीच्या बाबतीत. १९१७ च्या शाळेत तिच्यासाठी बाक नव्हता. त्याच काळात पुण्यात महर्षी कर्व्यांचा आश्रम आणि रमाबाई रानड्यांचं सेवासदन स्त्रियांना शिक्षिका, परिचारिका म्हणून उभं करत होतं. खेड्यातल्या शिपायाच्या बायकोपर्यंत ते पोचणं अवघड होतं. ती मनीऑर्डरवर घर चालवी, सासू-सासरे सांभाळी, शेत बघे आणि सरकारी कागदावर तिचं नाव येई ते वारस म्हणून. नवऱ्याबरोबर छावणीत राहणाऱ्या बाईची अडचण वेगळी. दर दोन-तीन वर्षांनी बदली, नवं राज्य, नवी भाषा आणि नोकरीत पडलेला खंड. १९६६ मध्ये आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशन म्हणजे ‘आवा’ स्थापन झाली आणि छावण्यांतून शिवण, संगणक, बालवाडीचे वर्ग चालू लागले. १९८० च्या दशकात वाढलेल्या आर्मी स्कूलांमुळे बी.एड. झालेल्या पत्नींना एक खरीखुरी वाट मिळाली, कारण बदली झाली तरी पुढच्या छावणीतही शाळा असतेच. कारगिलनंतर १९९९ मध्ये वीरपत्नींना पेट्रोल पंप आणि गॅस एजन्सी देण्यात आल्या. सातारा जिल्ह्यातले कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाल्यावर त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी सैन्यातच जायचं ठरवलं. वयाची अट शिथिल झाली, त्यांनी निवड परीक्षा दिली, चेन्नईत प्रशिक्षण घेतलं आणि ९ सप्टेंबर २०१७ ला त्या लेफ्टनंट झाल्या. अशी वाट फार थोड्यांना घेता येते. गावोगावच्या वीरपत्नींना हवी असते ती घराजवळची नोकरी, आणि त्यासाठी त्यांना आजही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे हेलपाटे घालावे लागतात.

आता हा इतिहास नव्या वळणावर आला आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. तिच्यात भरती झालेल्यांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के चार वर्षांनंतर सैन्यात कायम होतील. बाकीचे साधारण पावणेबारा लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन पंचविशीच्या आसपास घरी परततील. त्यांना पेन्शन नाही. पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण २०२३ च्या सुरुवातीला सुरू झालं, म्हणजे तिची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून पुरी होतात. निमलष्करी दलांत आणि काही राज्यांच्या पोलिसांत त्यांच्यासाठी जागा राखून ठेवल्याच्या घोषणा झाल्या आहेत. अपशिंग्यातून, सैनिक टाकळीतून, चंदगड-आजऱ्याच्या वाड्यांतून पहाटे धावायला जाणारी पोरं या योजनेत भरती झाली आहेत. त्यांच्या चार वर्षांच्या शिक्षणाचं औद्योगिक क्षेत्राला कळेल असं प्रमाणपत्र हातात पडेल का, चाकण आणि वाळूजच्या कारखान्यांशी सैनिक कल्याण विभाग आधीच बोलणी करील का आणि खडकीसारख्या शाळा प्रत्येक महसुली विभागात निघतील का, याची उत्तरं ती पोरं गावी उतरण्याआधी तयार असायला हवीत. १९४५ मध्ये एका परक्या सरकारनं युद्ध संपण्याच्या सुमारास २५ लाखांसाठी खातं उभं केलं होतं. आपल्याकडे तारीख आधीपासून ठाऊक आहे, आकडा त्या मानानं लहान आहे आणि शंभर वर्षांचा अनुभव गाठीशी आहे.